पेवातली हवा

सातारा-सांगलीकडे जाऊन आले म्हटलं की पुण्यात लोक विचारतात, "महाबळेश्वरला का?" नाही. महाबळेश्वरला मी लग्नानंतर एकदा गेले होते आणि तिथला निम्मा वेळ घोडेवाल्यांना नको म्हणण्यात गेला. या वेळी मी गेले होते हळद आणायला.

आमच्या भागातल्या अकरा बायकांनी मिळून घरगुती मसाल्यांचा उद्योग काढला, त्याला तीन वर्षं झाली. गेल्या वर्षी दुकानातून पोत्याने घेतलेल्या हळदीत काय मिसळलं होतं देव जाणे. चिमूटभर पाण्यात टाकली तर तळाला पांढरं काहीतरी बसलं. गिऱ्हाइकं फार बोलली नाहीत, पण आम्हालाच तोंड दाखवायची लाज वाटली. तेव्हा यंदा उन्हाळी मसाले सुरू व्हायच्या आत, पिकते तिथूनच आठ पोती हळद आणायची असं ठरलं. जायचं कोणी, तर मी. माझी थोरली बहीण मलकापूरला असते आणि एसटीच्या कंडक्टरशी भांडायला मी घाबरत नाही, एवढं भांडवल पुरलं.

हळद मिळाली आणि ती उत्तम निघाली. एवढंच सांगायचं असतं तर मी लिहायला बसले नसते. या प्रवासात माझ्या घाईपायी एक माणूस जिवाला मुकला असता. घाई चांगल्या कामासाठी होती, पण त्याने त्या माणसाला काही फरक पडला नसता. कसं झालं ते क्रमानेच सांगते.

मलकापूर

कराडला उतरले तेव्हा दुपार टळत होती. दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, बैलगाडी घेऊन आले होते. साठीला टेकलेला उंच माणूस, पटका पांढराशुभ्र आणि मिशी त्याहून पांढरी.

"या मेव्हणीबाई. लुगडं पांढरं नेसून आलासा?"

"का? काय झालं?"

"काय न्हाई. सांच्यापातूर बघा."

संध्याकाळपर्यंत थांबायची गरज पडली नाही. मळ्याच्या वाटेला लागलो आणि हवेतून काळी फुलं उतरायला लागली. वजन नसलेली, चिमटीत धरली की मोडणारी. साखर कारखान्याच्या धुराड्यातून उसाच्या चिपाडाची राख उडते ती ही. मी झटकायला गेले आणि खांद्यावर हातभर काळा पट्टा ओढून बसले. दाजी बैलांकडे बघत होते, पण मिशी हलत होती.

आक्काच्या अंगणात शिजवलेली हळद वाळत पडली होती. शिजवल्यावर हळकुंडांना जो वास येतो, ओल्या मातीचा आणि थोडा तिखट, तो घरभर होता. मी खाली बसून मूठभर उचलली. रंग सुरेख, मोडलं तर आतून शेंदरी. पण वरून प्रत्येक हळकुंडावर बारीक काळे ठिपके.

"हीच दे मला आठ पोती," मी म्हटलं. "पॉलिश केल्यावर ठिपके जातील."

"जातील न्हाई तर ऱ्हातील. तुझ्या बायकांनी डोळं फाडून निवडत बसायचं का?" आक्का म्हणाली. "माझ्या भनीला मी काजळीची हळद देऊ? ही देनार न्हाई. सांगलीला यांचे सुभेदार हायत, त्यांस्नी यांनी आधीच पत्र घातलंया. त्यांच्या पेवातली घे. जमिनीच्या पोटात ऱ्हायलेली, तिला धूर ठावं न्हाई."

आक्का पन्नाशीची, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बोलताना हात थांबत नाहीत. ती हळद परतत होती आणि मान न वळवता आकाशाकडे बघत होती. मला वाटलं, ऊन बघतेय. ती धूर बघत होती. धूर नदीकडे कलला की कपडे पुढच्या दारी, मळ्याकडे कलला की मागच्या दारी. गव्हाला ऊन द्यायचं ते पहाटेचा वारा बघून. कुरडया, सांडगे हंगाम संपल्याशिवाय करायचे नाहीत. तिच्या सगळ्या घराचं वेळापत्रक त्या धुराड्याने ठरवलं होतं.

आमच्या पुण्यातल्या चाळीत शेजारच्या बंबाचा धूर आला की आम्ही खिडकी आपटतो आणि चार दिवस बोलत नाही. मी म्हटलं, "तुम्ही सगळ्यांनी मिळून कारखान्याकडे अर्ज का करत नाही? हल्ली सरकार पाण्याच्या घाणीचे कायदे करतंय म्हणतात, हवेचेही करील."

दाजींनी पान चघळायचं थांबवलं. "अर्ज कुनाला करायचा मेव्हणीबाई? कारखाना सभासदांचा. सभासद मी. म्हंजी मी अर्ज करायचा आनि मीच वाचायचा."

"मालक तुमी," आक्का म्हणाली, "आनि धुनं माझं."

"धुराडं पेटलं म्हनून पोरीचं लगीन झालं, इसरलीस?"

"न्हाई इसरले. तिच्या लग्नातला शालू बी काळा झाला, ते बी इसरले न्हाई."

हे भांडण जुनं होतं. दोघांनाही आपापले शब्द पाठ होते आणि कोणालाच जिंकायची घाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात दात घासत होते. बाहेर एकदम गलका झाला. आधी वाटलं, साप निघाला. बाहेर आले तर समोरच्या घरातली सून गोधडी घेऊन धावत होती, तिच्यामागे तिची सासू गव्हाची पाटी घेऊन. दोऱ्या बांधल्या जात होत्या. छपरांवर धोतरं, पासोड्या, लहान पोरांची झबली, जे काही घरात पांढरं होतं ते सगळं उन्हात आलं. आक्काने मला हाक मारली, "बघत काय ऱ्हायलीस, पलीकडचं टोक धर!"

धुराडं थांबलं होतं. आकाश कसं स्वच्छ, निळं, आगाशिवाचा डोंगर हात लावावा इतका जवळ.

आणि त्याच आळीत पुरुष गटागटाने उभे होते, सुतक असल्यासारखे. कोणी म्हणत होता बॉयलर गेला, कोणी म्हणत होता पट्टा तुटला. ज्यांचा ऊस तोडून गाडीत भरून उभा होता, त्यांचा प्रत्येक तास उन्हात वाळत होता. दाजी दारातून आत आणि आतून दारात येरझारा घालत होते.

"कवा सुरू हुयाचं काय म्हनत्यात?" त्यांनी एका सायकलवाल्याला विचारलं.

"दुपारपातूर, दादा."

"दुपारपातूर!" दाजी कळवळले.

"दुपारपातूरच?" आक्का पलीकडून ओरडली आणि तिचा हात दुप्पट वेगाने चालायला लागला.

दुपारी दोनच्या सुमाराला धुराची पहिली काळी वेटोळी निघाली. पुरुषांचे चेहरे खुलले, एकाने तर टोपी उडवली. बायकांनी मुकाट्याने दोऱ्या सोडल्या. मला कोणाची बाजू घ्यावी कळेना. आक्का कपड्यांच्या घड्या करताना स्वतःशीच म्हणाली, "चालू झालं बाई एकदाचं. ऊस वाळला असता." ती आदल्या दिवशी ज्यावर चिडली होती, त्याचीच वाट तीही बघत होती. रात्रीच्या जेवणाला तिने दाजींना विचारून कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत केलं होतं. आम्ही तिघं मनापासून जेवलो. ती वांगी पुण्यात मिळत नाहीत, मिळतात म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

सांगलीकडे

तिसऱ्या दिवशी दाजी आणि मी सांगलीला निघालो. कराड-इस्लामपूर-सांगली रस्त्याला दोन्ही बाजूंना ऊस आहे, आणि दोन तास ऊस बघितल्यावर माणसाला उसाबद्दल काही बोलावंसं वाटत नाही. सांगलीच्या स्टँडवर दाजींनी भडंगाची पुडी घेतली. मी म्हटलं, हे म्हणजे आपले चुरमुरेच. दाजींनी पुडी माझ्यापासून लांब धरली. "मग तुमास्नी नको." निम्मी पुडी संपल्यावर मी शब्द मागे घेतला. लसूण आणि तिखट त्या चुरमुऱ्यांना असं काही धरून बसतं की घरी मी चारदा करून बघितलं, तसं झालं नाही.

सुभेदारांचं गाव शहरापासून टांग्याने अर्ध्या तासावर, नदीकाठी. हे दाजींचे मावसभाऊ. पलटणीत तीस वर्षं काढून आलेले, अजून चालताना डावा पाय मोजून टाकतात. घराच्या ओट्यावर खडूने सरळ रेघ मारलेली होती आणि सगळ्यांच्या चपला त्या रेघेवर. माझ्या मी मुद्दाम थोड्या तिरक्या काढल्या. आतून पाणी घेऊन येईपर्यंत त्या सरळ झाल्या होत्या.

पेव म्हणजे काय, हे न पाहिलेल्यांसाठी सांगते. जमिनीत खणलेला रांजणच तो. तोंड एक माणूस जेमतेम जाईल एवढं, पोट मात्र एका खोलीएवढं, आणि खोल तीन पुरुष, म्हणजे तीन माणसं एकावर एक उभी राहतील इतकं. त्या भागातली माती चिकट, तिच्यात पाणी झिरपत नाही. आतून पाला-पाचटाचा थर देतात, हळद ओततात, तोंडावर फरशी ठेवून वर मातीचा ढीग रचतात. मग वर्ष जाऊ दे, दोन वर्षं जाऊ देत, किडा लागत नाही आणि रंग आणखी चढतो. वरून बघाल तर नुसतं मोकळं मैदान, मध्ये मध्ये उंचवटे. त्या मैदानाखाली गावाची सगळी दौलत निजलेली असते आणि वर शेळ्या चरतात.

किडा लागत नाही, कारण आत किड्यालाही श्वास घेता येत नाही. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

सुभेदारांना दाजींनी आठ दिवस आधी पत्र टाकलं होतं, की पेव उघडून ठेवा. पत्र आम्ही पोचायच्या आदल्या दिवशी पोचलं. म्हणजे पेव अजून बंद. आणि घाई तर मला होती. दुसऱ्या दिवशी दुपारी गावातला एक गुळाचा ट्रक पुण्याला निघणार होता आणि त्यात आठ पोत्यांची जागा माझ्यासाठी धरली होती.

"नो प्रॉब्लेम," सुभेदार म्हणाले. "सकाळी सात वाजता ओपन. चार तास हवा खाऊ द्यायची, असा रूल हाय. अकराला मानूस आत. बारा-साडेबाराला पोती भरून रेडी."

"रूल कोणाचा?"

त्यांनी कपाटातून छापील कागद आणला. बाजाराच्या कचेरीने नवीनच काढला होता. पेवमालकाचं नाव, उघडल्याची वेळ, माणूस उतरल्याची वेळ, 'हवेची तपासणी केली' पुढे होय किंवा नाही, आणि खाली तपासणाऱ्याची सही. मागे कुठल्याशा गावात माणूस दगावला म्हणून ही शिस्त आली.

"हवा आता हापिसातनं येनार म्हनायची," दाजी म्हणाले.

"दादा, हसू नका. कागद असला की मानूस नीट वागतो," सुभेदार म्हणाले आणि तिथेच बसून कागद भरायला लागले. उघडल्याची वेळ सात. उतरल्याची वेळ अकरा. तपासणी केली, होय. खाली झोकदार इंग्रजी सही. पेव अजून मातीखाली होतं. मी ते बघत होते, आणि मला उलट कौतुक वाटलं, की काय व्यवस्थित माणूस आहे.

पेवावर

सकाळी सातला माती ओढली, फरशी सरकवली. आतून एक उबदार, आंबूस वास वर आला. सगळे मागे सरले. सिदू म्हणून पन्नाशीचा एक माणूस होता, बारीक, काटक, पाठीवर मांस नाही. गावातल्या पेवांत उतरायचं काम त्याचं. तो तोंडाशी वाकला, नाक वर करून हुंगला आणि बाजूच्या बाभळीखाली जाऊन बसला.

साडेदहा झाले. मी घड्याळ बघत होते. ट्रकवाल्याचा माणूस एकदा येऊन गेला होता.

"सिदबा, चला, तयारी करा," सुभेदार म्हणाले.

"कंदील सोडायचा की," सिदू म्हणाला.

कंदील आणला तर त्यात तेल नाही. रॉकेल रेशनवर, महिनाअखेर. सुभेदारांच्या घरात एक थेंब नव्हता. शेजारीही नव्हता. एक जण सायकल घेऊन शोधायला निघाला.

आणि मी म्हटलं, "अहो, कंदील कशाला हवा? आत बघायचंच आहे ना? सुभेदारांची बॅटरी आहे की."

मी हे अगदी सरळ म्हटलं. घरात माळ्यावर बघायला आपण बॅटरी वापरतो. मला वाटलं, कंदील उजेडासाठी.

आता मला हे समजत नाही, की त्या मैदानात तेव्हा सहा-सात माणसं होती, सगळी जन्मभर हळदीत वाढलेली. त्यांतल्या प्रत्येकाला कंदील कशासाठी ते माहीत होतं. पण एकानेही मला 'बाई, तुम्ही गप्प बसा' म्हटलं नाही. मी पाहुणी होते, पुण्याची होते, माणसं एकमेकांकडे बघत राहिली. दाजींनीसुद्धा नुसतं, "आमच्या मेव्हणीबाईस्नी इज्ञानातलं कळतं," म्हणून मान डोलावली. पाहुणीचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही त्या लोकांची रीत. माझ्या घरी कोणी असा आगाऊपणा केला असता तर मी तोंडावर सांगितलं असतं.

बॅटरी दोरीला बांधून सोडली. खाली हळदीच्या ढिगावर पिवळाजर्द उजेड पडला. सुंदर दिसत होतं, खरं सांगते.

"क्लिअर!" सुभेदार म्हणाले. "हवा हाय, चार तास होत आल्यात, कागद बी तयार हाय."

सिदूने धोतराचा काचा मारला. कमरेला जाड दोर बांधून घेतला. मग थांबला. "हौसा येऊं दे."

"हौसा कोण?"

"त्याची बायको. भाकरी आनती अकराला," दाजी म्हणाले.

"भाकरी वर आल्यावर खातील की," मी म्हटलं. हे दुसरं वाक्य. पहिल्याची मला माफी मिळाली असती, अज्ञान म्हणून. या दुसऱ्याची मी अजून स्वतःला दिलेली नाही.

सिदू हसला. वाद घालायचा माणूस नव्हता तो. पेवाच्या तोंडावर बसला आणि पाय आत सोडले.

"आवं, वर काढा ते पाय!"

बांधावरून एक बाई येत होती. डोक्यावर भाकरीची पाटी, हातात कंदील. ती धावत नव्हती. पण असं चालणं मी आजवर पाहिलेलं नाही. आली, पाटी ठेवली, नवऱ्याच्या दंडाला धरून त्याला मागे ओढलं आणि मग आमच्याकडे वळली.

"कंदील सोडला का?"

"बॅटरी सोडली हौसाबाई. बगा, बरोबर चालू हाय," सुभेदार म्हणाले.

"बॅटरीला नाक न्हाई, सुभेदार."

तिने आपला कंदील पेटवला. तेल तिच्याकडे कसं, तर रेशनचं आलं की एक बाटली ती आधी पेवासाठी बाजूला काढते, मग उरलेल्यात घर. नाही पुरलं तर उजेडात जेवून घ्यायचं. कंदील दोरीला बांधून तिने हळूहळू सोडला. एक हात गेला, दोन हात. ज्योत नीट होती. पुरुषभर खाली गेल्यावर ती तांबडी झाली. आणखी हातभर, आणि बारीक झाली, वातीला चिकटली. मग गेली. वारा नव्हता, काही नव्हतं, नुसती गेली.

खाली बॅटरी लख्ख जळत होती.

 सुभेदारांनी टोपी काढली. दाजींच्या तोंडातलं पान तसंच राहिलं. मी तिथल्या फरशीवर बसले. सिदू एकटाच शांत होता. त्याने कमरेचा दोर सोडला, नीट गुंडाळला आणि म्हणाला, "चला, भाकरी खाऊ. आज काय ह्ये उतरू देत न्हाई."

ट्रक गेला. मी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

त्याच दुपारी

बाभळीखाली बसून मी हौसाबाईंच्या पाटीतली भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली. त्यांनीच हाताला धरून बसवलं. मी म्हटलं, "बाई, चूक माझी. मीच बॅटरी म्हणाले, आणि घाईही मीच केली."

"तुमास्नी काय ठावं?" त्या म्हणाल्या. "ठावं असनाऱ्यांनी बोलायचं हुतं." हे त्या मोठ्याने म्हणाल्या. पलीकडे पुरुषांनी माना खाली घातल्या.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा थोरला दीर असाच उतरला होता. तेव्हा हौसाबाई नव्या नवरी. व्यापाऱ्याची गाडी उभी होती, आणि कंदील हातभरच सोडून वर घेतला होता. दीर गप्प झाला म्हणून दुसरा उतरणार, तो म्हाताऱ्या सासूने त्याचं धोतर धरून ठेवलं. तो दुसरा म्हणजे हा सिदू.

"आमच्या आक्काकडे धुराने बायका जेरीस येतात," मी म्हटलं. "पण तो धूर निदान दिसतो."

"दिसतो म्हनून तर भांडता येतं," हौसाबाई म्हणाल्या. "ह्या हवेशी भांडायचं कसं? हिला इचारावं लागतं. दर बारीला."

सुभेदार संध्याकाळपर्यंत आमच्याजवळ आले नाहीत. शेवटी आले ते दाजींना म्हणाले, "दादा, तीस वर्षं मी जवानांस्नी शिकवलं, की रिपोर्ट आधी लिहायचा न्हाई."

"मग?"

"मग काय. लिवला."

दाजींनी नेहमीसारखी थट्टा केली नाही. भडंगाची उरलेली पुडी त्यांच्यापुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी

पेवाचं तोंड रात्रभर उघडं होतं. सकाळी हौसाबाईंनी कंदील सोडला. तो एक पुरुष गेला, दोन गेला, तळाशी हळदीवर टेकला, आणि ज्योत तिथे उभी राहिली. तरीही त्यांनी तो लगेच वर घेतला नाही. पान लावून खाईपर्यंत तसाच ठेवला. मी घड्याळ घरी ठेवून आले होते.

सुभेदारांनी जुना कागद फाडला होता. नवा कोरा आणला होता, गुडघ्यावर फळी, हातात पेन. "हौसाबाई, तपासनारी तू. हितं अंगठा कर. रीतसर."

"मी न्हाई करनार."

"अगं, तुझाच मान हाय. कागदावर तुझं नाव लागंल."

"माजा अंगठा हापिसात जाऊन बसला, की उंद्या तुमी काय करनार? हौसाचा अंगठा हाय, म्हंजी हवा हाय. आनि मी आनि माजा कंदील घरला." त्यांनी दोर सिदूच्या कमरेला स्वतः बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली. "कालचा कागद बी बरोबरच हुता की. सगळं लिवलं हुतं त्यात."

"मग मी हापिसाला काय कळवू?"

"कळवा, की दर बारीला मला बोलवा. मी मेल्यावर माज्या सुनंला बोलवा."

सुभेदारांनी फळी गुडघ्यावर नीट केली. मग त्यांनी 'तपासणाऱ्याची सही' या ओळीवर काही लिहिलं आणि कागद घडी करून खिशात घातला. काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

सिदू उतरला. दोर दाजी आणि आणखी दोघांच्या हातात, पण दोराच्या सर्वांत जवळ, पेवाच्या अगदी तोंडाशी हौसाबाई मांडी घालून बसल्या. आणि बोलायला लागल्या. मला आधी कळेना, ही बाई अशा वेळी घरच्या कटकटी का काढतेय. शेळी आटली, कौल बदलायचं राहिलं, थोरल्या लेकाचं पलटणीतून पत्र नाही, तुमच्या बहिणीने माझ्या पातळाला नाव ठेवलं. प्रत्येक वाक्यानंतर थांबायचं. खालून "व्हय" किंवा "हूं" आलं की पुढचं वाक्य. बुट्ट्या वर येत होत्या, हळद पोत्यांत पडत होती, शेंदरी, स्वच्छ, एकही ठिपका नसलेली. दोन पोती झाली, तीन झाली. खालून "व्हय" येत होतं.

सहाव्या पोत्याला हौसाबाई म्हणाल्या, "सांच्याला काय करू? पिठलं करू का आमटी?"

खालून काही आलं नाही.

दाजींच्या हातातला दोर ताठ झाला. बुट्टी ओढणारा जिथल्या तिथे थांबला. हौसाबाईंचा आवाज चढला नाही, पण त्यांनी एक हात दोरावर ठेवला. "काय म्हंते मी? पिठलं का आमटी?"

मी मोजत नव्हते, पण तेवढ्यात माझे तीन श्वास झाले असतील.

मग खालून एक जोराची शिंक आली, आणि तिच्यामागून, खोल रांजणातून यावा तसा आवाज: "आगं, नाकात हळद गेलीया!"

"मग बोलायचं न्हाई व्हय?"

"तू बोलू देशील तवा!"

आम्ही सगळे हसलो. सुभेदार तर पोटाला हात लावून खाली बसले. हौसाबाई हसल्या नाहीत. पदराने कपाळ पुसलं, दोरावरचा हात तसाच ठेवला आणि पेवात वाकून म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे. पिठलं का आमटी, ते सांगा आधी."